पुंगळीभर पावडर

लंडनजवळच्या पिनरमधल्या आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधी राहिलीच नाही. आधी मुलांच्या सायकली होत्या, मग माझ्या लोणच्याच्या बरण्या, आणि नवरा रिटायर झाल्यावर तिथे एक भक्कम टेबल आलं. त्या टेबलाला त्याने लोखंडी दांड्याचा एक प्रेस घट्ट आवळून बसवला. उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी त्यात घालायची आणि दांडा खाली खेचायचा, की ती पुन्हा मूळ मापात येते. मग तिच्यात नवी पावडर घालायची आणि वर शिशाची नवी गोळी बसवायची. आयुष्यभर लोकांना भूल देऊन शांत झोपवणाऱ्या माणसाला उतारवयात असला धडामधुडूम छंद लागावा, याचं मला हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं.

आम्ही दोघं नागपूरच्या मेडिकल कॉलेजातले, एकाच वर्गातले. तो भूलतज्ज्ञ झाला, मी इथे येऊन जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर झाले. कॉलेजात तो एनसीसीत होता आणि त्याचा नेम फार चांगला होता, असं तो सांगतो. मी तो कधी पाहिलेला नाही. सासूबाई असेपर्यंत मी त्यांच्यासमोर त्याला ‘अहो’ म्हणायचे. त्यानंतर तो कायमचा ‘अरे’ झाला.

या देशात साधं पिस्तूल बाळगायला बंदी आहे. त्यामुळे क्लबातले लोक पिस्तुलाचीच काडतुसं वापरणारी एक आखूड रायफल घेतात. तीही मिळवायला काय कमी सोपस्कार नाहीत. पोलिसांचा माणूस घरी आला, भिंतीत ठोकलेलं पोलादी कपाट त्याने हलवून पाहिलं, माझा चहा प्यायला आणि नवऱ्याला झोप कशी लागते, मन कसं असतं, हेही विचारून गेला. परवान्याची नोंद ज्याच्या त्याच्या जीपीच्या फायलीतही असते. तब्येतीत काही बिघाड दिसला, विशेषतः डोक्याच्या बाबतीत, तर जीपीने पोलिसांना कळवायचं, असा रिवाज आहे. मी स्वतः काही पेशंटांच्या बाबतीत तसं कळवलेलं आहे.

दर रविवारी सकाळी तो बकिंगहॅमशरच्या रानातल्या क्लबात जायचा आणि दुपारी दोन्ही खिसे पुंगळ्यांनी भरून परतायचा, शाळेतून चिंचा वेचून आणल्यासारखा. जेवताना कुठली गोळी कुठे लागली ते सांगायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण रिटायर झाल्यापासून इतका खुशीत तो दुसऱ्या कशानेच दिसला नव्हता. म्हणून मी ऐकायचे.

अडचण वेगळीच होती. तो विसरायला लागला होता. चावी, चष्मा सगळेच विसरतात, त्याचं मला काही नाही. पण एकदा तो गाडी घेऊन भाजी आणायला गेला आणि गाडी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येच ठेवून पायी घरी आला. मी विचारलं तर म्हणाला, “हवा छान होती, म्हटलं चालावं.” भाज्यांच्या पिशव्यांनी त्याच्या बोटांवर वळ उठले होते. एकाच संध्याकाळी त्याने मला भाचीच्या लग्नाची तारीख विचारली, थोड्या वेळाने पुन्हा विचारली, आणि मी चमकून पाहिलं तेव्हा म्हणाला, “अगं, टीव्ही चालू होता, लक्ष नव्हतं.” त्याच्याकडे प्रत्येक वेळी कारण असायचं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं असायचं. दवाखान्यात स्मरणशक्ती तपासायला मी किती म्हाताऱ्यांपुढे कोरा कागद ठेवून घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं असेल, आणि किती जणांचे काटे भलतीकडे गेलेले पाहिले असतील. स्वतःच्या नवऱ्याला घड्याळ काढ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं तर त्याचा क्लबातला रविवार गेला, आणि न म्हणावं तर हा गॅरेजमध्ये बसून स्फोटक भरणार.

काडतुसं घरी भरायची टूम त्याने काढली ती याच सुमारास. क्लबात भूगोलाचे एक निवृत्त मास्तर आहेत, इंग्रज, उंच, बोलायला हळुवार. नवशिक्यांना भरणं शिकवायचं काम त्यांच्याकडे. एका रविवारी मीही सोबत गेले आणि मास्तरांना गाठून विचारलं, की नवशिक्याची सगळ्यात वाईट चूक कुठली?

ते म्हणाले, एकाच पुंगळीत दोनदा पावडर टाकणं. दुप्पट मात्रा झाली की रायफलची नळी फुटते, आणि ती तोंडाजवळ धरलेली असते. काही पावडरी अशा असतात, की त्यांची योग्य मात्रा पुंगळीच्या तळाशी चिमूटभर दिसते. तिच्यावर दुसरी मात्रा पडली तरी पुंगळी रिकामीच वाटते. काही पावडरी हलक्या आणि फुगीर असतात, चुरमुऱ्यांसारख्या. त्यांची एकच मात्रा अर्ध्याहून जास्त पुंगळी भरते. दुसऱ्यांदा टाकली, तर बाहेर सांडते.

“नवशिक्याने फुगीरच घ्यावी,” मास्तर म्हणाले. “आणि घरात एका वेळी एकच पावडर ठेवावी.”

मी त्यांचे इतके आभार मानले की ते जरा बुजले.

पावडरीचं दुकान एका शेताच्या मागे होतं. नवऱ्याने घरूनच अभ्यास करून ठेवला होता आणि त्याला हवी होती ती नेमकी चिमूटभर पुरणारी.

“हिचा एक टब वर्षभर जाईल,” तो म्हणाला. “तुझी ती फुगीर तर दोन महिन्यांत संपेल. शिवाय काजळी धरते. रायफल घासत बसू का मी रोज?”

“घास. नाहीतरी काय करतोस?”

“मी भूल द्यायचो, बाई. मिलीग्रॅममध्ये. मला मोजायला शिकवून राहिली का तू?”

रागावला की त्याच्या तोंडी नागपूर येतं. दुकानदार काउंटरमागे उभा राहून आमचं मराठी भांडण सभ्यपणे ऐकत होता.

“तू नवशिका आहेस,” मी म्हणाले. “नवशिक्यांसाठी ही सांगितलीय. हीच घ्यायची, नाहीतर मी गाडीत जाऊन बसते.”

नवशिका हा शब्द त्याला फार लागला. परतीच्या वाटेवर तो एम फॉर्टी हायवे येईपर्यंत बोलला नाही. मला वाईट वाटत होतं, पण मांडीवरचा तो टब मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

मग गॅरेजमध्ये नियम झाले. सगळे मास्तरांचेच, फक्त अंमलबजावणी माझी. फोन घरात ठेवायचा, रेडिओ बंद. काम चालू असताना दार वाजलं तर मी जायचं. आमच्याकडे हे सोपं नाही. पलीकडच्या गल्लीतलं मराठी जोडपं न सांगता येतं, नागपूरहून दिराचा व्हिडिओ कॉल कधीही येतो, आणि ‘आता नाही’ म्हणायची आम्हाला सवय नाही. तरी मी सगळ्यांना सांगून टाकलं, की रविवारी दुपारी हा ध्यानाला बसतो. दीर तर फारच प्रभावित झाला.

मी विणकाम घेऊन त्याच्याजवळ बसायचे. आधी मेथी निवडायला घेतली होती, पण शिशाच्या आसपास खाण्याचं काही आणायचं नाही, म्हणून नातीचा स्वेटर काढला. गॅरेजमध्ये उजेड चांगला पडतो, असं कारण सांगितलं. त्याने ते मान्य केलं. विणता विणता माझी नजर त्याच्या हातांवर असायची. हात अजून फार सुंदर चालायचे. लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या ओळीने उभ्या करायच्या, मोजणाऱ्या यंत्राचं हँडल फिरवायचं, भरलेली पुंगळी उजवीकडच्या ठोकळ्यात ठेवायची. शेवटी टॉर्च लावून प्रत्येकीत डोकावायचं. असे बरेच रविवार काही न होता गेले, आणि मला वाटायला लागलं की मीच उगाच वेडी झाले आहे.

तो रविवार मार्चमधला. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापणं चाललं होतं, तेही थांबलं. त्याने एक पुंगळी यंत्राखाली धरली, हँडल फिरवलं, पुंगळी हातात घेऊन जरा पाहिल्यासारखं केलं, पुन्हा यंत्राखाली धरली आणि पुन्हा हँडल फिरवलं. पावडर वर आली, त्याच्या बोटांवरून ओघळली आणि टेबलावर तिचा छोटासा ढीग झाला.

माझी सुई थांबली. आता तो काय कारण देतो, याची मी वाट पाहत होते. मनातून मला ते हवंच होतं. काहीही सांगितलं असतं तरी मी मानलं असतं.

त्याने त्या ढिगाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“फोन वाजला नाही,” तो म्हणाला. “कोणी आलंही नाही. तू बोललीस का काही?”

“नाही.”

“मला पहिली टाकलेली आठवत नाहीये गं.”

मी उठून त्याच्याजवळ गेले. त्याने हातातली पुंगळी अलगद टेबलावर ठेवली, भरलेल्या सगळ्या एकेक करून रिकाम्या केल्या आणि टबचं झाकण लावलं. ऑपरेशन थांबवावं लागलं की तो असाच शांत व्हायचा, असं त्याच्या थिएटरमधल्या नर्सेस सांगायच्या. मी तो शांतपणा पहिल्यांदाच पाहत होते.

“तुला माहीत होतं?” त्याने विचारलं.

“संशय होता.”

“कधीपासून?”

“ही पावडर घ्यायच्या आधीपासून.”

त्याने टबकडे पाहिलं. दुकानातलं ते सगळं भांडण त्याच्या चेहऱ्यावरून पुन्हा एकदा गेलेलं मला दिसलं.

“मला वाटलं, तुझा माझ्या हातांवर विश्वास नाही.”

“हातांवर होता,” मी म्हणाले. “आणि तुझे रविवार मला घालवायचे नव्हते. तू तिथून आलास की मला फार बरं वाटायचं.”

त्याने माझा हात धरला. त्याच्या बोटांना चिकटलेले करडे कण माझ्या तळव्याला टोचले.

“आपल्या जीपीला कळलं की रायफल जाणार,” तो म्हणाला.

“हो.”

“उद्या सकाळी तू फोन लाव. मी लावला, तर कशाला लावला तेच विसरायचो.”

आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता मी रडले. तो उठला, ब्रशने टेबलावरची पावडर सुपलीत भरायला लागला. कोपऱ्यातला एकेक कण त्याने झाडून घेतला. शेवटी त्याने सुपलीतल्या त्या फुगीर पावडरीकडे पाहिलं.

“चांगली निवडलीस,” तो म्हणाला.