भांडण्याइतकी बरी

एकोणीसशे नव्वदच्या आसपास, समाजकार्याच्या कोर्ससाठी मी भाईंदरच्या एका मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात पेशंटशी बोलायला जायचे. सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचे, सुख म्हणजे काय? कोणी शांत झोप म्हणालं, कोणी मुलांची नोकरी. जवळच्या मुर्धा गावची एक कोळीण मात्र अंबाड्यातला अबोलीचा गजरा चाचपत खो खो हसली.

"मना येड लागलं तवा बाजारात माज्याशी कोनी भांडत न्हवतं. दुसरीच्या जाग्यावर पाटी मांडली तरी म्हनायच्या, जाऊ दे गो, ती बरी न्हाय. आता गोळ्या लागू पडल्या. काल शेजारनीनं माज्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्येच सुख!"

रविवारी ती केबिन रोडच्या बाजारात बोंबील विकताना दिसली. मला भरून आलं. तिनं सांगितलेल्या भावाचे पैसे मी घासाघीस न करता पुढे केले. तिचं हसू मावळलं. पैशाला तिनं हातही लावला नाही.

"का गो बाय, मी अजून बरी न्हाय का?"

मी ओढणी खोचली आणि घासाघीस सुरू केली. ती खुलली, कडाडली. निघताना मागून ओरडली, "परत माज्या पाटीला शिवू नको!"

पुढच्या रविवारी मी तिच्याकडेच गेले.