रंग न लिहिलेली गोगलगाय

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. बी.एस्सी. झालो आणि वर्ध्यातच प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर लागलो. बेडूक, विंचू फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालायचे, चिठ्ठी चिकटवायची, चित्र मागाहून सवडीनं काढायचं. माझा हात चांगला होता. ते कोणी म्हणावं याची वाट मी पाहिली नाही.

एका हिवाळ्यात कॉलेजच्या मुलांना घेऊन रत्नागिरीला गेलो. समुद्र मीही पहिल्यांदाच पाहत होतो. ओहोटीला धक्क्याच्या खांबावर बोटाएवढी, शंख नसलेली गोगलगाय दिसली. तिथला म्हातारा कोळी म्हणाला, ही आमच्याकडची नव्हे. बाहेरच्या जहाजांच्या बुडाला चिकटून आली, दोन वर्षांत सगळ्या खांबांवर झाली. पुस्तकात ती सापडेना. परका जीव आपल्या किनाऱ्याला लागल्याची पहिली नोंद माझ्या हातून होणार, या आनंदात मी ती नेहमीसारखी बाटलीत टाकली.

बोटीनं, मग रेल्वेनं परत यायला तीन दिवस गेले. वर्ध्यात बाटली उघडली तर आत सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखं काहीतरी. रंग पार उतरलेला. समुद्राकाठच्या माणसानं ती जिवंत असतानाच चित्र काढलं असतं. मी बेडकांवर शिकलेलो.

तज्ज्ञांना पत्र घातलं. त्यांनी जिवंतपणीचे रंग विचारले. त्याशिवाय जात ठरत नाही म्हणाले. मुलांपैकी एकाला नारिंगी आठवत होती, एकाला जांभळी. मलाही नारिंगी कडा आठवायची, पण खात्री नव्हती. आमचे वरिष्ठ म्हणाले, नारिंगी लिहून टाका, तिथं कोण पाहायला येतंय.

रविवारी आष्टीला घरी गेलो. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"एवढ्या दूर गेलता, अन् धड पाह्यलं नाई?"

"पाहिलं होतं. लिहून घेतलं नाही."

"मंग आता काऊन लिवतं?"

सोमवारी कळवलं, रंग नोंदवले नाहीत. दोन ओळींचं उत्तर आलं: या नमुन्यावरून नवी जात आली असे म्हणता येत नाही. बरोबरच होतं. पुन्हा रत्नागिरीला जायला मी रजेचा अर्ज केला. तो परत आला. वर्ध्यास समुद्र नाही, एवढाच शेरा होता.