मिलिंद रेषेबाहेर उभा होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला घेतलं की स्वतःचाच संताप येतो — आणि यावाच, दुसऱ्या कुणाचा येण्यासारखं यात काही नाही.

पुण्यात आयटी कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. मी कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा कॅप्टन. मिलिंद विश्रांतवाडीचा, सव्वासहा फूट उंच. माझ्या मागावरच्या गड्याला तो अंग आडवं घालून अडवायचा — त्याला आम्ही स्क्रीन म्हणायचो — आणि मग रिंगकडे धावायचा. उंच माणसानं दुसरं काय करायचं असतं, असं आमच्या प्रशिक्षक सरांचं ठाम मत.

एकदा सरावात मिलिंदच म्हणाला, "मी आत न जाता तीन गुणांच्या रेषेबाहेर थांबतो. मला धरायला त्यांचा उंच गडी बाहेर येईल, रिंगखाली तुला रान मोकळं. नाही आला, तर मी बाहेरूनच मारतो." करून पाहिलं. त्याचा नेम माझ्यापेक्षा चांगला होता — हेही आजच कबूल करतोय. वेळ आली तर अंतिम सामन्यात हेच खेळायचं, असं मी ठरवलं. सरांना विचारलं नाही, ते नाहीच म्हणाले असते.

वेळ आली. शेवटचे काही सेकंद, आम्ही एका गुणानं मागे. मिलिंदनं स्क्रीन घातला, रेषेबाहेर गेला, हात वर करून थांबला. त्याला सोडून त्यांचे दोन्ही गडी माझ्यावर आले. तो मला दिसला नाही का? दिसला — स्वच्छ दिसला. पण शेवटची बास्केट मला हवी होती. मारली. हुकली.

सरांनी विचारलं, हा बाहेर काय करत होता? आणि मी म्हणालो, "मी आत जा म्हटलं होतं सर, त्यानं ऐकलं नाही."

"लांबून मॅच बघायची असेल, तर गॅलरीत बसत जा," सर त्याला म्हणाले, सगळ्यांसमोर. मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. मी बुटाची नाडी बांधत बसलो. सरांनी मला उलटून एक प्रश्न केला नाही, त्याला तर विचारलंच नाही. मी पेठेतला, सरांच्या घरी जाणं-येणं असलेला — माझाच शब्द चालणार, हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर जीभ रेटली.

विद्यापीठाच्या निवडीसाठी सरांनी माझं नाव पाठवलं, त्याचं नाही. तो पुन्हा मैदानावर आला नाही.

आता जिकडेतिकडे उंच खेळाडू बाहेरून मारतात. आमच्या कंपनीच्या संघातली पोरं विचारतात, सर, तुम्ही हे तेव्हाच खेळायचात? मी निर्लज्जासारखी मान डोलावतो. त्या चालीला त्यांनी माझं नाव दिलंय. गेल्या रविवारीही मी ती शिकवली, आणि मिलिंदचं नाव घेतलं नाही.