जिवंतपणी घातलेला हार

पेपरवाले मला 'अष्टपैलू' म्हणतात. अष्टपैलू म्हणजे जिला नायिका कुणी करत नाही आणि बाकी काहीही करायला सांगितलं तरी जी नाही म्हणत नाही, ती. पस्तीस वर्षांत सिनेमात मी माझ्याहून वयाने मोठ्या नायकांची आई झाले, टीव्हीवर नर्स, न्यायाधीश, चेटकीण आणि असंख्य सासवा झाले. मेलेही पुष्कळदा. जिन्यावरून पडून, विष घेऊन, एकदा तर नुसती बातमी ऐकून.

२०१५ साली मी मालिकेतून महिन्याची रजा मागितली. बोर्डीला आई एकटी राहायची. तिच्या पोटात गाठ निघाली होती आणि डॉक्टर म्हणाले होते, लवकर काढा. निर्माते फार हळहळले. "आईपेक्षा मोठं काही नाही, मॅडम," म्हणाले, आणि त्याच आठवड्यात मला ट्रकखाली घातलं. आमच्या धंद्यात रजा अशी मंजूर होते.

बोर्डीला पोहोचले, तर आमच्या चिकूच्या वाडीत काम करणारी तलासरीकडची बाई मला बघून दारातच थबकली. "बाय, तू तं मेली ना काल?" मी म्हटलं, हो, आज सुट्टी आहे.

संध्याकाळी आईने मालिका लावली. दिवाणखान्यात माझा भलामोठा फोटो, त्याला चंदनाचा हार, खाली उदबत्ती. जी सून मला सेटवर धड नमस्कारही करायची नाही, ती धाय मोकलून रडत होती. मला हसू आलं. आईला नाही आलं.

माझी आई गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ग्रहणात पोटभर जेवणारी, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध घालणारी बाई. तिने टीव्ही बंद केला.

"जिवंत माणसाच्या फोटोला हार? उतरव तो."

"अगं आई, खोटं असतं ते सगळं."

"माझा तरी कुठे विश्वास आहे? पण तो हार उतरल्याशिवाय मी ऑपरेशनला जाणार नाही. मी तिकडे टेबलावर पडायचं आणि तू इकडे भिंतीवर?"

डॉक्टरांनी समजावलं, शेजारच्या गुजराती काकींनी समजावलं. ऐकेल तर ती माझी आई कसली! रोज मालिका लावायची, हार बघायची आणि अर्ध्या ताटावरून उठायची. गाठ काही मालिका बघत थांबणार नव्हती. मरायचा इतका सराव असून मी घाबरले.

प्रॉडक्शन मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, हार कसा काढणार? काल दिसला तो आज नाही, असं चालत नाही. कंटिन्युइटीचा प्रॉब्लेम येतो." ज्या मालिकेत माझ्या नवऱ्याचं काम करणारा नट दोनदा बदलला आणि कुणी ब्र काढला नाही, तिथे हाराची कंटिन्युइटी! मी फोनवर रडले. ग्लिसरीन नव्हतं म्हणून की काय, त्याला ते खरं वाटेना. शेवटी सौदा ठरला, की मी एक दिवस आत्म्याचं काम फुकट करायचं.

केलं. पांढरी साडी, तोंडावर पंख्याचा वारा. थोरली सून चिडून माझ्या फोटोचा हार ओढून फेकते आणि माझा आत्मा थरथरतो, असा प्रसंग.

तो भाग लागला तेव्हा मी आईशेजारी बसले होते. हार जमिनीवर पडला. "ही थोरली गुणाची आहे हो," आई म्हणाली. ताटातलं सगळं संपवलं, हात धुतला आणि म्हणाली, "बॅग भर."

गाठ निघाली. त्यानंतर आई चार वर्षं जगली, माझ्या प्रत्येक कामातल्या चुका काढत. २०१९ मध्ये गेली. ट्रक नाही, पार्श्वसंगीत नाही. दुपारची झोपली ती उठलीच नाही.

तिचा फोटो मी बाहेरच्या खोलीत लावला. काकींनी डहाणूहून चंदनाचा हार आणला. तो घेऊन मी स्टुलावर चढले आणि तशीच खाली उतरले. आईची आठवण रोज येते, पण तिला हार घालायला माझा हात उठत नाही. हार कपाटात पडून आहे.

काकी अजून विचारतात, "दीकरा, हार केम नथी घातला? लोक काय म्हणतील?"

"काकी, या घरात हार एकदा उतरलाय," मी सांगते. "कंटिन्युइटी बघावी लागते."