किल्ल्यांची जागा

आयुधपूजेला सुट्टी, म्हणून ऑफिसची पूजा आदल्या दुपारीच होती; तेव्हाच मी ऑफिसचा सर्व्हर अपग्रेड केला. काम अर्ध्यावर असताना स्क्रीनवर प्रश्न आला: सेटिंगची जुनी फाइल ठेवायची की नवी घ्यायची? पूजेच्या टेबलावर सगळ्यांचे लॅपटॉप मांडून झाले होते, फक्त माझा राहिला होता. कुंकवाची वाटी घेऊन कुणीतरी दारात उभं होतं. मी नवी घेतली. माझं आधीचं लॉगिन तुटलं नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं धरलं. बाहेर पडून पुन्हा आत येऊन बघायला हवं होतं. पण लॅपटॉप बंद करून झेंडूखाली ठेवला आणि एकदा पूजा झाल्यावर दसरा संपेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.

सुट्टीनंतर एकालाही सर्व्हरमध्ये जाता येईना. आमच्याकडे पासवर्ड नाही, एसएसएच की असते. तिचा एक भाग आपल्या लॅपटॉपवर, दुसरा सर्व्हरवर. प्रत्येकाला एकच उत्तर येत होतं: परवानगी नाही.

सर्व्हर बसवणाऱ्या काकांना बोलावलं. मंडी मोहल्ल्यात त्यांच्या चार पिढ्या गेल्या. या कानडी ऑफिसात माझ्याशी मराठीत, अधूनमधून कानडी मिसळून, बोलणारे तेवढेच. रोज विचारायचे, "काय अम्मा, ऊटा झालं का?" जेवण झालं म्हणून मी मान हलवायचे. त्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता. "या वयात मला दुसरं कोण घेतंय," असं डबा खाताना एकदा म्हणाले होते.

त्यांनी सर्व्हरलाच कीबोर्ड जोडला. मी मागे उभी होते.

"स्वल्प थांब. किल्ल्या आहेत की सगळ्या. मी त्या वेगळ्या फोल्डरात ठेवलेल्या, आणि तसं जुन्या फाइलीत लिहिलेलं. नवी फाइल आली, ती ओळ गेली. हा सर्व्हर आता भलतीकडेच शोधतोय."

मग त्यांनी अपग्रेडची नोंद उघडली. तारीख, वेळ, पुढे माझं नाव. त्यांनी ते वाचलं हे मला पाठमोऱ्या मानेवरूनही कळलं. स्क्रीनवरची ती खिडकी बंद करून त्यांनी ओळ परत लिहिली, आणि बाहेरून एकजण ओरडला, "आयितु!" झालं.

मॅनेजर आत आले. "सगळं जग ठेवतं तिथे किल्ल्या ठेवायच्या सोडून वेगळा फोल्डर कशाला? कुठे लिहून ठेवलंय का?"

"नाही सर," काका म्हणाले.

"म्हणजे हा तुमचाच घोळ."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी बोलेन म्हणून ते थांबले होते की त्यांना तेवढाच वेळ लागला, हे मला आजही माहीत नाही. माझ्या डोक्यात इंग्रजीत पूर्ण वाक्य तयार होतं. ते तिथेच राहिलं.

"हौदु सर," ते म्हणाले. "फोल्डर माझाच."

करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी ते डबा धुऊन पिशवीत ठेवत होते. मी जवळ गेले, तर म्हणाले, "पुढच्या वेळी दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघायचं, अम्मा. मगच पहिली बंद करायची." एवढंच.

सोमवारी मॅनेजरनी त्यांचा प्रवेश काढायचं काम मला दिलं. त्यांच्याच फोल्डरात त्यांची की होती, सगळ्यांत जुनी. मी ती काढली. मग दुसरी खिडकी उघडून लॉगिन केलं. लगेच आत गेले.