सगुणाक्का आणि धोतऱ्याचा काढा

आज आमच्या गावात, पासलीत, माझ्या मेलेल्या बहिणीला देवी म्हणून नैवेद्य दाखवलाय. व्हॉट्सॲपवर फोटो आलाय.

मला किळस येते.

१९७०च्या आसपासची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीला, सगुणाक्काला, दमा होता. धाप लागली की ती धोतऱ्याची वाळकी पानं निखाऱ्यावर टाकून धूर घ्यायची. आमच्या डोंगरात बरेच जण घ्यायचे. छाती मोकळी व्हायची, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी धुरानं भागेना. आमच्या दादानं डोकं चालवलं.

"पानाच्या धुरानं येवढं बरं वाटतंय, मग बियांचा काढा लई गुण दील."

अक्का प्याली.

थोड्या वेळानं चेहरा लालबुंद. डोळे नुसते काळे दिसायला लागले. गोधडीवरून नसलेल्या मुंग्या वेचत बसली, बडबडायला लागली.

शेजारची बायजाकाकू ओरडली, "अगं बया, देवी आली हिच्या अंगात!"

झालं. अर्धं गाव घरात. हळदकुंकू, नारळ, आणि दम्याच्या बाईच्या नाकाशी उदाचा धूर!

मी म्हणाले, "दादा, नसरापूरला डॉक्टरकडं नेऊ. ST मिळंल अजून."

"देवीला दवाखान्यात न्हेत्यात व्हय?"

काढा त्यानंच दिला होता. त्याला देवी फार सोयीची पडली.

अक्काची जीभ टाळूला चिकटली होती. "पाणी," एवढंच म्हणायची. मी तांब्या आणला. बायजाकाकूनं तो हिसकावला आणि अक्काच्या पायांवर ओतला.

पायांखाली ठेवलेल्या ताटात साचलेलं ते पाणी सगळे तीर्थ म्हणून प्याले. तिच्यासमोर.

दिवस मावळायच्या आत अक्का गेली. गावानं तिचीच देवी केली.

पुढे भोरला मेडिकल स्टोअरमध्ये नोकरीला लागले, तेव्हा कळलं. धोतऱ्यात ॲट्रोपिन असतं, स्कोपोलामिन असतं. शरीरातल्या नसा एका केमिकलनं निरोप पोचवतात. हे विष त्या निरोपाची जागाच अडवून बसतं. म्हणून छाती मोकळी होते. आणि म्हणूनच तोंड सुकतं, बाहुल्या मोठ्या होतात, मेंदूला नाही नाही ते दिसायला लागतं.

दादाला सगळं समजावून सांगितलं.

"गप ऱ्हा," म्हणाला. "लोकांची श्रद्धा हाय."

थू असल्या श्रद्धेवर.

अक्का, तू अठ्ठावीस वर्षांची बाई होतीस. भाकरी झकास करायचीस, शिव्या त्याहून झकास द्यायचीस. अजून खूप जगायचं होतं तुला.

माझ्या बहिणीला श्रद्धांजली.

त्यांच्या देवीला नाही.