माल्टे झेलोंकाचा शर्ट

माल्टे झेलोंका आमच्या फुटबॉल क्लबच्या मुख्य संघात आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पहिल्याच सरावात आमचा कप्तान रूवेन याने त्याच्या नडगीवर बूट घातला, मुद्दामच. "ये बाळा, ये," म्हणाला. माल्टे उठला आणि पुढच्याच मिनिटाला त्याने रूवेनला असा आडवा केला, की त्याचा दात आम्हाला गवतात शोधावा लागला. मी या क्लबचे कपडे धुते. खाण बंद पडल्यापासून आमच्या गावाला राग काढायला हे एकच मैदान उरलंय. पोरगा मला तिथेच आवडला.

वर्षभर तो अंगावर घेत खेळला. नाक मोडलं, डोक्याला टाके पडले, पण मैदान सोडलं नाही.

"उल्ला मावशी, शर्टावरचं रक्त निघेल ना?"

"रक्त निघेल. तुझ्या डोक्यातलं खूळ निघायचं नाही."

हे खूळ बापाचंच. त्याचा बाप होल्गर गोलामागे उभं राहून ढोल बडवणाऱ्या कट्टर चाहत्यांच्या टोळीचा म्होरक्या होता.

मे महिन्यात शेवटचा सामना हरून आम्ही खालच्या विभागात घसरलो. मग टोळीची ठरलेली शिक्षा: संघाने त्यांच्यापुढच्या कुंपणापाशी जायचं, मान खाली घालून शिव्या खायच्या आणि लायकी नाही म्हणून अंगातले शर्ट काढून द्यायचे. मला या प्रकाराची शिसारी येते. रूवेनने निमूट काढला, बाकीच्यांनीही काढले. माल्टे तसाच उभा, भुवई फुटलेली.

"काढ!" होल्गर ओरडला.

"नाही काढणार, पपा. मी जीव तोडून धावलोय."

"सगळ्यांचे म्हणजे सगळ्यांचे!"

"मग ये आणि घे."

कुंपणावरून धडाधड उड्या पडल्या. एकाच्या हातात झेंड्याची काठी, दुसऱ्याने मुठीला पट्टा गुंडाळलेला. सगळ्यांत पुढे होल्गर. त्याने पोटच्या पोराच्या जबड्यावर असा ठोसा हाणला, की हाड मोडल्याचा आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला. माल्टे कोसळला. होल्गरने त्याच्या अंगातून शर्ट ओरबाडून काढला आणि उंच धरला. टोळी गरजली आणि जागीच थांबली. पोलीस नेहमीप्रमाणे नंतर आले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी माल्टेपाशी बसले होते. जबडा तारांनी बांधलेला. होल्गर दारातूनच बोलला, आत यायची हिंमत नव्हती.

"मी पाडलं नसतं, तर त्यांनी तुला मारून टाकलं असतं रे."

ते खरं होतं. काठी मीही पाहिली होती.

माल्टेने उशाचा फोन उचलून बापासमोर धरला. टोळीच्या गुत्त्यातला रात्रीचा फोटो होता. भिंतीवर सगळे शर्ट उलटे टांगलेले, मधोमध माल्टेचा, रक्तासकट. त्याखाली बियरचा ग्लास उंचावलेला होल्गर.

"मारलंस ते कळलं, पपा," माल्टे मिटल्या दातांतून म्हणाला. "इथे हसतोयस कशाला?"

होल्गर दारातूनच माघारी गेला. जबडा जुळल्यावर माल्टेने उत्तरेकडच्या एका क्लबाशी करार केला. बापाने मला त्याचा पत्ता विचारला. मी दिला नाही.